भाऊचं कायदेशीर पालकत्व घेताना

माझा धाकटा भाऊ १९८२ चा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. २००० साली तो अठरा वर्षांचा झाला, आणि त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने त्याला कोणीच पालक उरलं नाही. कागदोपत्री आईही पालक नाही, बाबाही नाहीत. हे आम्हाला कळलं जानेवारी २०२४ मध्ये, तेही बँकेच्या काउंटरवर.

घरात आणि गल्लीत सगळे त्याला भाऊच म्हणतात, म्हणून इथंही तेच नाव ठेवते. मी पुण्यात असते. आई आणि भाऊ पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावी. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. घरातले सगळे कागद त्यांच्याकडेच असायचे. आईला त्यातलं फक्त कपाट माहीत होतं.

बाबांची एक ठेव मुदत संपून आली होती. त्यातले निम्मे पैसे भाऊच्या नावावर ठेवावेत असं आईच्या मनात होतं. भाऊचं खातं होतंच, पण ते त्याच्या लहानपणी उघडलेलं, बाबा पालक म्हणून. काउंटरवरच्या बाईंनी पासबुक पाहिलं, आधार कार्डावरची जन्मतारीख पाहिली आणि म्हणाल्या, "काकू, हे तर सज्ञान आहेत. सही कोण करणार?"

"मी करते. आई आहे मी त्याची."

"ते मान्य आहे हो. पण तसा कागद?"

आई घरी आली ती धुमसतच. "बेचाळीस वर्षं मी त्याचं केलं आणि आता मला कागद मागतात." तिचा राग मला पटत होता. पण त्या बाई चुकीचं काही बोलत नव्हत्या. आईवडील हे मुलाचे नैसर्गिक पालक, पण फक्त अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीसाठी पालक रीतसर नेमून घ्यावा लागतो, मग ती आई का असेना. वाईट वाटण्यासारखंच आहे हे. पण त्या वाईट वाटण्यात आमचे बरेच दिवस गेले, तेवढे तुमचे जाऊ नयेत.

त्याच बाईंनी एका चिठ्ठीवर 'नॅशनल ट्रस्ट' आणि 'लोकल लेव्हल कमिटी' असं लिहून दिलं होतं. नॅशनल ट्रस्ट म्हणजे राष्ट्रीय न्यास, त्याचा कायदा १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे, आणि डाउन सिंड्रोम बौद्धिक अक्षमतेत धरला जातो. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, एक सदस्य नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक सदस्य स्वतः दिव्यांग व्यक्ती. पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. म्हणजे कोर्टात जायला नको, वकील नको. समितीचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेनेही सांगितलेलं आहे. तुमच्या शाखेत कुणाला माहीत नसेल, तर त्या परिपत्रकाचा उल्लेख अर्जातच करा, वाद वाचतो.

समितीकडे जायच्या आधी मात्र दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथून बाबांची फाईल उघडावी लागली.

जाड हिरवी फाईल. सगळ्यात तळाशी १९८३ साली मुंबईत केलेल्या गुणसूत्र तपासणीचा रिपोर्ट: ४७, एक्स वाय, अधिक २१. डाउन सिंड्रोम असलेल्या साधारण ९५ टक्के लोकांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची अख्खी तिसरी प्रत असते, भाऊचंही तसंच आहे. तीन-चार टक्के लोकांत ते जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला चिकटलेलं असतं, आणि त्यातल्या काही घरांत ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं. हा फरक मला माझ्या लग्नाच्या वेळी कळला. 'पुढे मुलांत येईल का' असं विचारून दोन स्थळांनी नकार कळवला होता. तिसऱ्या घरी बाबा हाच कागद घेऊन गेले आणि समोर बसून त्यांनी तो समजावला. त्या घरात मी गेली तेवीस वर्षं आहे. तुमच्याकडे असा रिपोर्ट असेल तर जपून ठेवा. प्रमाणपत्रासाठी तो दाखवला की निदानाबद्दल कुणी प्रश्न काढत नाही.

फाईलमध्ये मुंबईच्या जय वकील शाळेचं माहितीपत्रकही निघालं. १९४४ साली वकील दांपत्याने ही शाळा सुरू केली, कारण डाउन सिंड्रोम असलेल्या त्यांच्या मुलीला कुठे शाळाच मिळत नव्हती. बाबा ती बघून आले होते, हे मला त्या कागदावरूनच समजलं. पोस्टमनच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं जमणार नव्हतं, म्हणून पुढे काही झालं नसावं. भाऊ गावातल्या विशेष शाळेत शिकला आणि आता त्याच संस्थेच्या प्रौढांच्या कार्यशाळेत जातो. कागदी पिशव्या, दिवाळीत पणत्या. महिन्याला आठशे रुपये विद्यावेतन मिळतं, ते तो स्वतः डब्यात ठेवतो.

त्याचं जुनं प्रमाणपत्रही फाईलमध्ये होतं, हाताने भरलेलं, शिक्का पुसट झालेलं. आता ते पुरत नाही. जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं आणि त्याच अर्जावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही मिळतं. अर्जाला शुल्क नाही. फेब्रुवारीत मी पुण्यात बसूनच तो भरला. आधारवर भाऊच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते आधी पन्नास रुपये भरून दुरुस्त करून घेतलं. हे काम सगळ्यात पहिलं करा. आधार, जन्मदाखला, पॅन आणि पासबुक या चारांवर नाव अक्षरशः एकसारखं हवं. पुढच्या प्रत्येक खिडकीवर कुणीतरी ते ताडून बघतं.

एप्रिलमध्ये सिव्हिलला तपासणी. बोर्ड ठरावीक वारी बसतं, त्या दिवशी सकाळी आठला गेलो तरी रांग जिन्यापर्यंत. सरकारी दवाखान्यातला केस पेपर आता फुकट आहे. फुकट नाही ती बसायची जागा. पाण्याची बाटली, बिस्किटं आणि भाऊसाठी एसटीचं छापील वेळापत्रक, एवढं बरोबर नेलं होतं. वेळापत्रक हातात असलं की तो दोन तास शांत बसतो. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागते ते त्याला पाठ आहे. स्टँडवरचे कंट्रोलर कधीकधी त्यालाच विचारतात, अर्थात गंमत म्हणून. पण उत्तर बरोबर येतं.

खरी तपासणी मानसशास्त्रज्ञांकडे झाली. तिथं सामाजिक परिपक्वतेची एक चाचणी वापरतात, व्हाइनलँड नावाची. तिची भारतीय आवृत्ती डॉ. मालिन यांनी नागपूरला तयार केली, म्हणून तिला नागपूर आवृत्तीही म्हणतात. एकोणनव्वद प्रश्न. आंघोळ स्वतः करतो का, बटणं लावतो का, किरकोळ खरेदी करतो का, गावात एकटा फिरतो का. आई प्रत्येकाला "हो, करतो की!" म्हणत होती. पाचेक प्रश्न झाल्यावर त्या मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काकू, कौतुक आपण नंतर करू. कुणी न सांगता करतो का, तेवढं सांगा."

आई गप्प झाली. चार माणसांत मुलाला काय येत नाही हे मोजून सांगायचं, तेही त्याच्यासमोर. भाऊच मध्ये म्हणाला, "सुट्टे पैसे मला येत नाहीत." बरोबर होतं. तो एकटा स्टँडवर जाऊन येतो, फोन लावतो, कपड्यांच्या घड्या आमच्या सगळ्यांपेक्षा नीट घालतो. पण पन्नासची नोट दिली तर किती परत आले पाहिजेत हे त्याला सांगता येत नाही.

निष्कर्ष आला 'मध्यम', म्हणजे नियमांनुसार ७५ टक्के. सौम्यला ५०, तीव्रला ९०, अतितीव्रला १०० अशी ती मोजणी आहे. लहान मुलांचं प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने काढावं लागतं. अठरानंतरचं कायमचं. भाऊचं कायमचं मिळालं. कार्ड जूनमध्ये पोस्टाने घरी आलं. पोस्टमनने ते बाबांच्या फोटोसमोर ठेवायला सांगितलं. बाबांच्या हाताखाली शिकलेला तो.

त्या चाचणीच्या उत्तरांची एक नक्कल मी मागून घेतली, आणि हा सल्ला मी इतर काही विसरले तरी देईन. एकविसाव्या गुणसूत्रावर अमायलॉइड प्रथिनाशी संबंधित एक जनुक असतं. डाउन सिंड्रोममध्ये त्याच्या तीन प्रती असल्यामुळे चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल झालेले असतात, आणि लक्षणं अनेकांत पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच सांगितलं होतं की आज त्याला काय काय येतं ते लिहून ठेवा, नाहीतर उद्या काय गेलं हे कळणार कसं? ते एकोणनव्वद प्रश्न आयते मिळाले. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला मी ते परत भरायचं ठरवलं आहे. त्याच आठवड्यात थायरॉईडचं रक्त, कानांची आणि डोळ्यांची तपासणी. थायरॉईड कमी झालं की माणूस सुस्त, विसराळू होतो, आणि घरचे उगीच भलत्या निष्कर्षावर येतात. एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात सापडली, तीही या निमित्तानेच.

जुलै २०२४ मध्ये पालकत्वाचा अर्ज. कोण पालक होणार यावर घरात बोलणं झालं. आईचा हक्क पहिला, पण आई शहात्तर वर्षांची. तिच्या नावे केलं असतं तर काही वर्षांनी हेच सगळं पुन्हा, तेही ती नसताना. हे वाक्य मी तिच्यासमोर कसं म्हणायचं या विचारात होते, तर तीच म्हणाली, "तुझ्याच नावाने कर. मी आहे तोवर होऊ दे. मी नसताना तुला कुणी विचारलं तर तू काय दाखवणार?"

अर्जाचा नमुना म्हणजे फॉर्म ए. त्याला जोडलेले कागद असे: भाऊचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र, जन्माचा आणि रहिवासाचा पुरावा, माझे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, माझी संमती, आईचं संमतीपत्र, बाबांचा मृत्यूदाखला, आणि भाऊसोबतचा माझा एकत्र फोटो. भावंडं आणखी असती तर त्यांची ना हरकत लागली असती. दोन प्रतिज्ञापत्रं नोटरीकडे केली. नोटरी आणि टायपिंग मिळून नऊशे रुपये गेले. एवढाच काय तो मोठा खर्च. बाकी झेरॉक्स, फोटो आणि माझं पुण्याहून येणंजाणं.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे, पालक कशासाठी हवा आहे. तो घाईत भरू नका. कायद्याच्या चौदाव्या कलमातच म्हटलं आहे की समितीने दोन गोष्टी पाहाव्यात: या व्यक्तीला पालकाची गरज खरंच आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर मर्यादित पालकत्वाचा विचार आहे, म्हणजे पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्याबरोबर मिळून निर्णय घ्यायचा. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की जुन्या कायद्याचा सूर फार सरसकट वाटतो. माझं मत विचाराल तर भाऊला पैशांसाठी आणि शस्त्रक्रियेसारख्या निर्णयांसाठी कुणीतरी हवं आहे. काय खायचं, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, यासाठी त्याला पालक लागत नाही. मी त्या रकान्यात बँक, विमा, निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय संमती असं लिहिलं. आणि शेवटी एक ओळ जोडली, की आईच्या पश्चात भाऊ माझ्याकडे पुण्यात राहील.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. दोन प्रती न्या, एकीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. हे सगळेच सांगतात, पण टेबलवरच्या माणसाने "राहू द्या हो, आम्ही आहोत ना" असं गोड बोलून सांगितलं की आपण संकोचतो. संकोचू नका. मी घेतलेला तो क्रमांक पुढे सतत लागला.

सप्टेंबरमध्ये गृहभेट झाली. समितीतल्या संस्थेच्या कार्यकर्त्या आल्या, भाऊची खोली पाहिली, शेजारच्या दोन घरांत विचारलं. भाऊने त्यांना चहा दिला, कपबशी न सांडता, आणि मग त्यांनी बिस्किट घेतलं नाही म्हणून त्यांच्यावर रागावला. अहवालात काय आलं ते मला बघायला मिळालं नाही.

कायदा म्हणतो समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बसावं. आमची बैठक ऑक्टोबरच्या शेवटी ठरली होती. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी, त्यामुळे २० नोव्हेंबरचं मतदान आणि २३ ची मोजणी होईपर्यंत त्या मजल्यावर दुसरं कामच नव्हतं. मग डिसेंबर अधिवेशनात गेला. तुमच्या अर्जाच्या काळात कुठलीही निवडणूक येणार असेल, तर तीन-चार महिने आधीच हिशेबात धरा आणि ठेवींच्या मुदती तशा जुळवा. आमची ठेव मधल्या काळात आईच्याच नावे एक वर्षासाठी ठेवावी लागली.

थांबण्याच्या या महिन्यांत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो कार्यालयांचा नव्हे. रात्री अकराला आईचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. आईला काही झालं, तर या माणसासाठी मी कोण? बहीण. आणि बहिणीला बँकेत, दवाखान्यात, कुठेच कुणी ओळखत नाही. कार्यशाळेतल्या इतर पालकांशी याच काळात बोलणं वाढलं. त्यातल्या बहुतेकांनी हे काम 'बघू पुढे' म्हणून ठेवलेलं होतं. आम्हीही चोवीस वर्षं तेच केलं होतं, कारण कुठेच अडलं नव्हतं.

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात सुनावणीचं पत्र आलं. सुनावणी या शब्दाला आई घाबरली होती. प्रत्यक्षात एक लांब टेबल, तीन सदस्य, एक लिपिक आणि बाहेर बसलेली आमच्यासारखी सहा-सात घरं. भाऊने बाबांचं जाकीट घातलं होतं.

अध्यक्षांनी फाईल मिटून ठेवली आणि थेट त्याच्याशीच बोलायला लागले. मला ते फार आवडलं, कारण तोवर प्रत्येक खिडकीवर लोक त्याच्या डोक्यावरून मला विचारत आले होते.

"नाव काय तुमचं?"

त्याने पूर्ण नाव सांगितलं. बाबांच्या नावासकट.

"राहता कुठे?"

पत्ता, आणि शेवटी पिनकोड. पोस्टमनचा मुलगा. सगळे हसले, तोही हसला.

"या कोण?"

"ताई. पुण्याची."

"मग आईनंतर ताईकडे पुण्याला राहणार ना?"

"नाही," भाऊ म्हणाला. "मी घरी. ताई येईल."

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर अध्यक्षांनी हातानेच थांबवलं. "आणि ताई आली नाही तर?"

"फोन करीन."

"नंबर माहीत आहे?"

त्याने माझा दहा आकडी नंबर सांगितला. एक आकडा मागेपुढे झाला, तो त्याने स्वतःच सुधारला.

टेबलाच्या कडेला कुबड्या टेकवून बसलेले सदस्य तोवर गप्प होते. त्यांनी मला एकच विचारलं. "पैसे कुठल्या खात्यात येणार आणि पासबुक कोणाकडे राहणार?" मी सांगितलं, खातं त्याचं स्वतंत्र राहील, पासबुक त्याच्याच घरी. त्यांनी मान हलवली. माझ्या अर्जातली ती पुण्याची ओळ वाचून अध्यक्षांनी लिपिकाला सांगितलं, की इतिवृत्तात राहण्याबाबत यांची स्वतःची इच्छा नोंदवा. दहा मिनिटांत आम्ही बाहेर.

परतीच्या रिक्षात आई म्हणाली, "बघ, कुणी विचारलंच नव्हतं त्याला." मी त्याच्यासाठी पुण्यातल्या घरातली मागची खोली मनातल्या मनात कधीच लावून ठेवली होती. पलंग कुठे, टीव्ही कुठे, इथपर्यंत. पण पुण्यात त्याचं स्टँड नाही, कार्यशाळा नाही, पोस्टमन नाही. आता आम्ही उलट्या बाजूने विचार करतोय: वरच्या मजल्यावर चुलतभावाचं कुटुंब आहे, खालची एक खोली भाड्याने द्यायची ती अशा कुणाला की ज्यांचं रात्री घरी असणं नक्की. हे अजून जुळलेलं नाही.

प्रमाणपत्र फेब्रुवारीत मिळालं, फॉर्म बी वर. त्यानंतरची कामं भराभर झाली. बँकेने त्याच बाईंच्या टेबलवर खातं सज्ञान म्हणून नव्याने चालू केलं, पालक म्हणून माझी सही. निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यासाचाच आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधीपासून असलेल्या आजारांसकट, ओपीडी आणि थेरपीही त्यात येते. दारिद्र्यरेषेवरच्या घरांना नोंदणी ५०० रुपये, खालच्यांना २५०. वर्ष एप्रिल ते मार्च चालतं, म्हणून मार्चमध्ये नोंदणी करून एका महिन्यात नूतनीकरणाला बसू नका. आम्ही एप्रिलपर्यंत थांबलो. अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत गेला. खर्च आधी आपण करायचा आणि बिलं मागून पाठवायची, तेव्हा औषधांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.

राहिलं बाबांचं पेन्शन. बाबा केंद्राच्या नोकरीत, त्यामुळे हे केंद्राच्या नियमांचं. राज्य सरकार, महामंडळ, शिक्षक, प्रत्येकाचे नियम वेगळे, आपापल्या कार्यालयात विचारा. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतंच. तिच्यानंतर ते अपंग मुलाला हयातभर मिळू शकतं, आणि त्याचं नाव आईच्या हयातीतच पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, घालून घेता येतं. यात दोन गोष्टी आम्हाला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. नुसती ७५ ही टक्केवारी पुरत नाही. या व्यक्तीला स्वतःची उपजीविका करता येत नाही, असं वैद्यकीय मंडळाने स्पष्ट म्हणावं लागतं. त्यासाठी सिव्हिलला वेगळा अर्ज. दुसरी, उत्पन्नाची मर्यादा. फेब्रुवारी २०२१ पासून नियम असा आहे, की त्याचं इतर उत्पन्न मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असलं पाहिजे, म्हणजे शेवटच्या पगाराचे तीस टक्के आणि त्यावरचा महागाई दिलासा. आठशे रुपयांच्या विद्यावेतनाने काही अडत नाही. तरी "कार्यशाळा बंद करा, कमावतो असं दिसेल" असा सल्ला एका ओळखीच्यांनी दिलाच. आम्ही कार्यशाळा बंद केली नाही, विद्यावेतनाचा दाखला उघडपणे अर्जाला जोडला. मार्चमध्ये दिलेल्या त्या अर्जाचं उत्तर सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, भाऊचं नाव दाखल झाल्याचं.

माझ्यासारखं कुणी भावंडाचा खर्च उचलत असेल, तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी) भावा-बहिणीसाठीही मिळते: ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्क्यांपासून सव्वा लाख. नव्या प्रणालीत नाही.

पालक झाल्यावर हिशेब द्यावा लागतो, हे बरेच जण सोडून देतात. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, फॉर्म सी. मी जुलैमध्ये दिली: बँक खातं, ठेव, पोस्टातलं एक बचत प्रमाणपत्र, आणि भाऊने आग्रहाने लिहायला लावलेलं बाबांचं एचएमटी घड्याळ. शिवाय दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च, फॉर्म डी. त्यासाठी एक साधी वही केली आहे. भाऊच्या खात्यातून काही काढलं की त्याच्यासमोर लिहायचं आणि त्याने तारखेचा शिक्का मारायचा. शिक्का बाबांचाच, टेबलाच्या खणात होता, वर्ष १९९९ च्या पुढे सरकत नाही. म्हणून वर्ष मी पेनने लिहिते.

एक प्रश्न उरला आहे. हे पालकत्व माझ्या नावापुरतं आहे, वारशाने पुढे जात नाही. माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला हवं असेल तर पुन्हा फॉर्म ए, पुन्हा समिती. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. मुलाला विचारलं, तो बावीस वर्षांचा. म्हणाला, "मामाला विचारलंस का?" विचारलं. मामा म्हणाला, आधी त्याला एसटीचं वेळापत्रक पाठ पाहिजे. दिवाळीत परीक्षा घेणार आहे.